मेट्रोच्या कोपऱ्यावर उभा राहा

"मेट्रोच्या कोपऱ्यावर उभा राहा, पाच मिनिटांत आलोच!"

मुंबईत फोनवर हे वाक्य ऐकलं की पुढचा पाऊण तास गेला असं समजावं. 'पाच मिनिटांत' हे खोटं असतं, पण ते दोन्ही बाजूंना ठाऊक असल्यामुळे त्याला कोणी खोटं म्हणत नाही. माझी तक्रार उरलेल्या तीन शब्दांबद्दल आहे: मेट्रो, कोपरा आणि उभा राहा. मेट्रो सिनेमाच्या चौकात, म्हणजे धोबीतलावाला, गेल्या दीडशे वर्षांत जे जे बांधलं, पाडलं आणि टेकू लावून तसंच ठेवलं, त्या सगळ्याने मिळून या तीन शब्दांचं पार वाटोळं केलं आहे.

धोबीतलाव म्हणताच नवखा माणूस विचारतो, तलाव कुठे आहे? तलाव नाही. मग धोबी? तेही नाहीत. एकोणिसाव्या शतकात फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांनी पदरचे पैसे घालून तलाव दुरुस्त करवला, पुढे तो बुजवला गेला आणि शेजारी त्यांच्याच नावाची संस्था उभी राहिली. पाणी गेलं, नाव राहिलं. चौकाचं अधिकृत नाव आहे वासुदेव बळवंत फडके चौक. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा. तो आरशातून तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "मतलब मेट्रो ना?"

या चौकाच्या दक्षिणेला एकदम मैदान लागतं आणि उत्तरेला एकदम दाटी, याचं कारण तोफा. कोटाच्या भिंतींवरून तोफा डागायच्या तर समोर मोकळी जागा हवी, म्हणून इंग्रजांनी एस्प्लनेडचं मैदान राखलं. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर देशी वस्ती बाहेर सरकली ती या मैदानाच्या पल्याड. म्हणजे तोफगोळा पडायचा जिथे थांबतो, तिथून आपली घरं सुरू. १८६० च्या दशकात भिंती पाडल्या, तोफा गेल्या, पण रेघ राहिली. आझाद मैदान संपतं आणि काळबादेवी सुरू होते, तिथे ती अजूनही पायाला लागते.

आता 'कोपरा'. कोपरा म्हणायला दोन रस्ते लागतात. इथे काळबादेवी रोड, जगन्नाथ शंकरशेठ मार्ग, लोकमान्य टिळक मार्ग, महापालिका मार्ग आणि महात्मा गांधी रोड असे पाच तर उभ्या उभ्या मोजता येतात. त्यातल्या चारांना जुनी नावं आहेत: गिरगाव रोड, कार्नाक रोड, क्रुकशँक रोड, एस्प्लनेड रोड. म्हातारी मंडळी ही नावं अजून वापरतात, तीही फक्त भांडताना. तेव्हा 'कोपऱ्यावर' म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न भूमितीचा आहे आणि त्याला किमान पाच उत्तरं आहेत.

पण आम्ही जुन्या इमारतींच्या भिंतींवर ठोकत फिरणारी माणसं. आम्हाला कोपरा दिसतो तो वेगळाच. आमच्या दृष्टीने कोपरा म्हणजे इमारतीचा जो भाग सगळ्यात आधी आजारी पडतो आणि सगळ्यात शेवटी रिकामा होतो, तो.

काळबादेवी-गिरगावातली कोपऱ्यावरची जुनी इमारत एकदा खालून वर बघू. सगळ्यात खाली काळ्या दगडाचं जोतं. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर वीट-चुन्याचा कोबा आणि वर लादी. दोन खांबांच्या मधे वीट भरलेली. भिंत विटांची दिसते, पण वजन लाकूड पेलतं. वीट फक्त वारा आणि शेजाऱ्याची नजर अडवते. साग बहुतेक ब्रह्मदेशचा, म्हणजे आज ज्याच्या एका तुळईत दोन पलंग आणि एक देव्हारा निघावा असा. वर मंगलोरी कौलं, रस्त्याच्या बाजूला गॅलरी, गॅलरीला ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे आणि कठड्यावर वाळत घातलेली चादर. चादर मूळ नकाशात नसते, पण तिच्याशिवाय इमारत पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

रांगेत मधे असलेल्या इमारतीचं बरं असतं. दोन्हीकडे शेजारी. तिच्यात जीव उरला नाही तरी ती पडत नाही. सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून पन्नास वर्षं सहज काढतात. कोपऱ्यावरच्या इमारतीला एका अंगाला शेजारी आणि दुसऱ्या अंगाला बस. रांगेतली सगळी कलती वजनं सरकत सरकत शेवटी तिच्यावर येतात आणि तिला मात्र टेकायला कोणी नाही. त्यात तिच्या दोन भिंती उघड्या. मधल्या इमारतीने एक पावसाळा सोसला की हिचे दोन झालेले असतात.

कोपऱ्याचं टोक कापलेलं असतं, ते शोभेसाठी नव्हे. टोकदार कोपरा ठेवला की वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसत नाही. १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्रामी सुरू झाल्या, त्यातली एक बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला जायची. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. या रुंद रस्त्यांवर कापलेले कोपरे सर्रास दिसतात. कापलेल्या कोपऱ्यात एक तिरकी भिंत तयार होते, आणि त्या तिरक्या भिंतीत दुकानाचं दार येतं. इथून इराण्याचं चहाचं हॉटेल सुरू होतं.

कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानायचे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सगळे सांगतात. असेल. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. कापडवाल्याला किंवा किराणावाल्याला काय लागतं? भिंत. माल रचायला फडताळं, फडताळांना सलग भिंत. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन बाजू उघड्या, तिसरी तिरकी. त्या तिरक्या भिंतीत ठाणं रचायची कशी? चहाला भिंत लागत नाही. खुर्ची, संगमरवरी टेबल, दोन्हीकडून उजेड, आरपार वारा आणि गल्ल्यावरून दोन्ही रस्ते दिसतील अशी जागा लागते. जी उरलीसुरली भिंत होती तिच्यावर इराण्याने आरसे लावले. त्यामुळे दुकान दुप्पट दिसू लागलं आणि पैसे न देता निघणारं गिऱ्हाईक पाठमोरंसुद्धा दिसू लागलं. मेट्रोसमोरच्या जेर महाल इमारतीत १९०४ पासून कयानी हे इराणी हॉटेल आहे. वरच्या मजल्यांवर गोवेकरांचे कूड. एकेका गावाचा एकेक कूड. गोव्याहून आलेला खलाशी जहाज मिळेपर्यंत आपल्या गावाच्या कुडात राहायचा. पेटी भिंतीला, चटई जमिनीवर, समोर वेदी. खाली ब्रून मस्का, वर लदीनची प्रार्थना. कोपऱ्यावरच्या इमारतीने आणखी काय करावं?

बिघडायला सुरुवात होते ती एका खांबापासून. कापलेल्या कोपऱ्याच्या दोन टोकांना दोन खांब असतात आणि पुढच्या पिढीतल्या प्रत्येक दुकानदाराला ते 'मधे येतात'. त्याला दोन्ही रस्त्यांवर शटर हवं असतं, मधे काही नको. मग रात्रीतून एक खांब जातो आणि त्याच्या जागी लोखंडी गर्डर येतो. गर्डर वाईट नाही. वाईट असतं ते त्याचं बूड. वरच्या तीन मजल्यांचं वजन जिथे येतं, तिथे गर्डरखाली जाड लोखंडी पाटी आणि तिच्याखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा हवा, म्हणजे वजन पसरतं. प्रत्यक्षात तिथे सापडतात चार विटा, एक लादीचा तुकडा आणि फट भरायला ठोकलेली लाकडाची पाचर. पाचर सुकते, फट पडते, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं दार लागेनासं होतं. काकू सुताराला बोलावतात. सुतार दार तासतो. सहा महिन्यांनी पुन्हा तासतो. दार तासून तासून खिडकीएवढं होईपर्यंत तळमजल्यावर खांब नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा शत्रू पाणी. दोन छपरांच्या उतारांचं पाणी कोपऱ्यावरच्याच पन्हळीत येतं आणि तिथूनच नळाने खाली उतरतं. नळ सांध्यात फुटतो. ते पाणी भिंतीवरून ओघळतं आणि तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं, नेमकं तिथे मुरतं. तुळईचा मधला भाग हवेवर असतो, तो शंभर वर्षं खणखणीत राहतो. टोक भिंतीत कोंडलेलं, ओलं, ते आतून भुगा होतं. म्हणून खोलीच्या मधोमध उभं राहून, वर बघून "काय सुंदर लाकूड आहे!" म्हणणाऱ्या पाहुण्याला आम्ही काही बोलत नाही. आम्ही भिंतीजवळ जातो, टोकाला हातोडीने ठोकतो. 'टण' वाजलं तर ठीक, 'ढप्' वाजलं तर पेचकस लावून बघायचं. पेचकस लोण्यात जावा तसा आत गेला तर घरमालकाचा चेहरा बघायचा नाही.

मग डागडुजी. इथे सगळ्यांचा लाडका उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत श्वास घेते. ओल आत घेते आणि उन्हात सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत अडकते, भिंतीतले क्षार फुगतात आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचं आख्खं पोपडं रस्त्यावरच्या भाजीवाल्याच्या छत्रीवर. चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो: विरवून दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला, एका भागाला दोन-तीन भाग वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आणि लावल्यावर ओल्या गोणपाटाने झाकून ठेवलेला. पण एवढं सांगेपर्यंत समोरच्याने सिमेंटची गोण फोडलेली असते.

पिंपळाचंही तेच. कावळ्याच्या कृपेने कोपऱ्यावरच्या कॉर्निसमध्ये पिंपळ उगवतो. दर वर्षी कोणीतरी गॅलरीतून वाकून कोयत्याने त्याचा शेंडा छाटतो आणि धर्मकृत्य व अधर्मकृत्य दोन्ही टळल्याच्या समाधानात आत जातो. छाटल्याने पिंपळ मरत नाही. तो मुळं जाड करतो. त्याच्याभोवतीचे दगड-विटा सोडवून, मूळ शेवटच्या तंतूपर्यंत उपटून, पोकळी चुन्याने भरायला हवी. ते काम तीन दिवसांचं. छाटायचं काम तीन मिनिटांचं, म्हणून ते चाळीस वर्षं चालतं.

भेगेवर लावलेली काचेची पट्टी कधी पाहिली आहे का? भेगेच्या दोन्ही काठांना चिकटवलेली बोटभर काच, शेजारी पेन्सिलने तारीख. काच शाबूत असेल तर भेग जुनी आहे, झोपली आहे. काच तडकली तर भेग जागी आहे, इमारत अजून सरकते आहे. एवढ्या स्वस्तात एवढं खरं बोलणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. अडचण एकच, घर रंगवायला आलेला माणूस त्या काचेवरूनही रंग मारतो. वर तारखेवरून दुसरा हात.

आणि रस्ता! रस्ता वर चढतो हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकला की दर खेपेला रस्ता काही इंच उंच होतो. इमारत तिथेच राहते. ज्या दुकानात आजोबा तीन पायऱ्या चढून जात, तिथे बाबा पायरी न चढता गेले आणि नातू आता एक पायरी उतरून जातो. जुलैत ती पायरी पाणीही उतरतं. मग दुकानदार उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो आणि त्या बांधाला अडखळून पडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "सांभाळून हं" असं पडल्यावर सांगतो.

हे सगळं दुरुस्त करायचं कोणी? मालक म्हणतो भाडेकरूने, भाडेकरू म्हणतो मालकाने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या आसपास गोठवली. १९९९ मध्ये नवा कायदा आला तरी पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या, कित्येक खोल्यांची भाडी तीन आकड्यांपलीकडे गेली नाहीत. महिन्याच्या भाड्यात मालकाला पन्हळीचा एक सांधासुद्धा बदलता येत नाही. तिकडे पागडी मात्र लाखांत. १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं, पुढे ते म्हाडात गेलं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, पुढच्या 'ब' आणि 'क'. 'अ' वर्ग हा शाळेत चांगला असतो; इथे त्याचा अर्थ सगळ्यात म्हातारी. आणि मग आले टेकू. टेकू म्हणजे तात्पुरता आधार. सालाचे, बल्ल्यांचे, लोखंडी. फुटपाथवर तिरके उभे. पहिल्या वर्षी लोक त्यांना वळसा घालतात, दुसऱ्या वर्षी त्यांना दोरी बांधतात, तिसऱ्या वर्षी त्यांच्या आडोशाने पानाची टपरी येते. त्यानंतर टेकू काढायला गेलात तर टपरी पडेल म्हणून मोर्चा येतो. इमारतीचं नाव कोणी काढत नाही.

मधल्या काळात काँक्रीट आलं आणि कोपऱ्यांची तऱ्हाच बदलली. लोखंडी सळ्यांचं काँक्रीट वळतं, पुढे झेपावतं, खांबाशिवाय गॅलरी धरून ठेवतं. त्यामुळे कापलेल्या तिरक्या कोपऱ्याच्या जागी गोल कोपरे आले, जहाजाच्या नाळीसारखे; खिडक्यांवर भुवयांसारख्या छज्ज्या. १९३८ मध्ये आमच्या चौकात मेट्रो सिनेमा उघडला, अमेरिकेतल्या एमजीएम या चित्रपट कंपनीचा. दालनातली भित्तिचित्रं जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची. त्याच वर्षी चर्चगेटला इरॉस सिनेमा. ही मंडळी देखणी, पण त्यांचाही आजार ठरलेला. त्या काळच्या काँक्रीटच्या छज्ज्या पातळ, सळईवरचं आवरण बोटभरही नाही. खारी हवा आत गेली की सळई गंजते, गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि काँक्रीटचा पापुद्रा खाली. मुंबईत शहाणा माणूस पावसात छज्जीखाली उभा राहत नाही, भिजतो.

आता तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनेची तपासणी करून घ्यावी लागते. निकाल येतो सी-वन, सी-टू-ए, सी-टू-बी किंवा सी-थ्री. सी-थ्री म्हणजे किरकोळ, सी-वन म्हणजे सामान बांधा. ऐकायला विमानातल्या आसनांसारखं वाटतं आणि बरेच रहिवासी तसंच समजून "खिडकीजवळचं मिळेल का?" या थाटात अभियंत्याला विचारतात, "सी-टू-बी करून देता येईल का?"

त्यानंतर पुनर्विकास. एक्कावन्न टक्के संमती, जुन्या भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट, बिल्डरला वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा. या पुनर्विकासाचा नियम तेहतीस-सात हा आकडा गिरगावात पाढ्यांसारखा पाठ असतो. संमतीच्या बैठका दहा वर्षं चालतात, कारण मधल्या खोलीवाल्याला कोपऱ्याची खोली हवी असते आणि कोपऱ्यावाल्याला कोपरा सोडायचा नसतो. शेवटी इमारत उभी राहते ती मुळी कोपरा नसलेलीच. खाली चार-पाच मजले गाड्यांचे, वर काच. जिथे इराण्याचं दार होतं तिथे आता 'इन' लिहिलेलं फाटक, जिथे गल्ला होता तिथे ट्रान्सफॉर्मरची खोली, तिच्यावर कवटी आणि हाडं. पूर्वी कोपरा लोकांना आत ओढायचा. हा वीज दाखवून हाकलतो.

यातून 'उभा राहा' हा तिसरा शब्द मेला. कुठे उभा राहा? ओटा नाही, पायरी नाही, छज्जीखाली जीव धोक्यात, टेकूपाशी पिचकाऱ्या, फाटकासमोर सुरक्षारक्षक: "साहेब, इथे थांबायचं नाही."

राहिला 'मेट्रो'. १९३८ पासून या शब्दाचा अर्थ एकच होता. २००६ मध्ये एका पडद्याचे सहा पडदे झाले तरी मेट्रो मेट्रोच राहिलं. बसमधले कंडक्टर "मेट्रोऽऽ" म्हणून ओरडायचे आणि चौकात अर्धी बस रिकामी व्हायची. आता खालून खरीखुरी मेट्रो जाते. ॲक्वा लाइनचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि घोळाला भुयार मिळालं. मेट्रो सिनेमापाशी उतरायचं तर मेट्रो नावाचं स्थानकच नाही. एक आहे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दुसरं काळबादेवी. म्हणजे मेट्रोने मेट्रोला यायचं तर मेट्रोत 'मेट्रो' विचारायचं नाही.

"मेट्रोला आलोय, तू कुठे आहेस?"

"मीही मेट्रोलाच आहे."

"मग दिसत कसा नाहीस?"

"तू वर आहेस की खाली?"

इथे फोन तुटतो, कारण एकजण सरकत्या जिन्यावर आहे. जिना वर येतो, माणूस बाहेर पडतो, आणि समोर पाच रस्ते. मोबाइलच्या नकाशातला निळा ठिपका दोन मिनिटं पलीकडच्या फुटपाथवर, मग रस्त्याच्या मधोमध, जिथे १९६४ पर्यंत ट्राम धावायची तिथे, जाऊन गरगरत राहतो.

म्हणून आम्ही जाणकार मंडळी हल्ली सूचना पूर्ण देतो. मेट्रो म्हणजे सिनेमा, रेल्वे नव्हे. सिनेमाकडे पाठ कर. समोर जेर महाल, खाली इराणी. बाहेर उभा राहू नकोस, आत बस. भिंतीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे आरशात दार दिसतं. एक चहा सांग, पानी कम. दुसरा सांगू नकोस, मी पाच मिनिटांत आलोच.